हिरव्या शाईतले सातशे बहात्तर रुपये

आमच्या गावच्या वाचनालयाच्या समितीवर आता माझी नात आहे. परवा ती म्हणाली, "आजी, तू इतकी वर्षं खजिनदार होतीस, कसं जमवलंस ते लिहून दे ना. पण खरं लिही हां." तिला वाटलं असेल, आजी दोन पानं उपदेश खरडून देईल. खरं लिहायचं तर माझी खजिनदारकी एका रिकाम्या डब्याने सुरू झाली, आणि तो डबा सगळ्या गावाने पाहिला.

माझं माहेर डिचोली. गोवा मुक्त झाल्यावर गावोगाव मराठी शाळा निघाल्या, त्यातल्या एकीत मी शिक्षिका झाले आणि लग्न करून पेडण्यातल्या या गावात आले. वाचनालय तेव्हा देवळाच्या अग्रशाळेत होतं. अग्रशाळा म्हणजे पाहुण्यांसाठी बांधलेली लांबलचक इमारत; तिच्या टोकाच्या एका खोलीत आमची पुस्तकं, एक मेज आणि दोन बांक. जुने खजिनदार म्हापशाला राहायला गेले आणि ती जागा माझ्या गळ्यात पडली. का, तर बाईंचं अक्षर चांगलं. हिरव्या शाईचं पेन आणि आपल्याला सगळं येतं ही खात्री, एवढ्या भांडवलावर मी खजिनदार झाले.

पहिल्याच बैठकीत मी उभी राहून भाषण ठोकलं. घरी सासूबाईंशी मी "येवक-जावक" अशी गावची बोली बोलायची, पण बैठकीत माझ्या जिभेवर छापील मराठी चढायची. म्हटलं, "अंदाजपत्रकात अवघड ते काय? प्रत्येक गृहिणी ते रोजच करीत असते." गृहिणी करत असेल. मी करत नव्हते. आमच्या घरचा खर्च सासूबाईंच्या कमरेच्या पिशवीतून चालायचा, आणि पाववाल्या पोदेराचे पैसे महिनाअखेरीला कोण चुकतं करतं हेसुद्धा मला ठाऊक नव्हतं. पण टाळ्या पडल्या. टाळ्या पडल्या की माझं डोकं चालायचं थांबतं, हे मला पुढे कळलं.

त्या खोलीत एक लाकडी पेटी होती आणि पेटीत नाटकांच्या हस्तलिखित वह्या. त्रेसष्ट. आमच्या गावात उत्सवाला मराठी नाटक झालं नाही असं वर्ष नसेल, आणि छापील पुस्तक मिळेना तेव्हा लोक हाताने उतरवून घ्यायचे. बहुतेक वह्या वाचनालयाच्या अध्यक्षांच्या घरातल्या. त्यांच्या आजोबांनी आणि वडलांनी लिहिलेल्या. समासात सूचना असायच्या. "इथे पेटीने सूर द्यावा." "इथे रडणे, पण मागील वर्षासारखे नको." एका वहीत राणीचं काम करणाऱ्याला ताकीद होती, "मिशी आदल्या दिवशी काढणे, ऐनवेळी नको." मी शाळा सुटल्यावर त्या वह्यांची यादी करत बसायची आणि एकटीच हसायची.

एकदा यादी करताना एका वहीचा कोपरा हातात आला तो नुसता भुगा. वाळवी. पेटीच्या बुडातून वर चढली होती.

अध्यक्षकाका आले, वही उलटीपालटी करून पाहिली आणि शांतपणे म्हणाले, "बाई, पणजेची एक संस्था ह्यो वह्यो मागता. थंय लोखंडी कपाटां असत. पावसाआधी हंय कपाट येता तर बरा. नाय तर मी त्यो तेंका देतलंय. माझ्या बापायचा अक्षर मी वाळवेक घालूचा नाय."

त्यांचं काही चुकत नव्हतं. पण वह्या एकदा पणजीला गेल्या असत्या, तर आमच्या गावातल्या कोणी त्या पुन्हा उघडल्या असत्या? उत्सवाच्या तालमीला कोण पणजीहून वही आणणार? मी म्हटलं, "काका, पावसाआधी कपाट येईल. एक नव्हे, दोन येतील." दुसरं कशाला, ते पुढे सांगते. सांगायला लाज वाटते म्हणून पुढे.

पैसे उभे करायचा आमच्याकडचा रस्ता ठरलेला होता: पावणी. वाचनालयाच्या वर्धापनाला सत्यनारायण असायचा. लोक आपल्या बागायतीतलं काहीबाही आणून ठेवायचे, केळ्यांचा घड, नारळ, भोपळा, सुरण, आणि पूजा झाल्यावर त्याचा लिलाव. तीच पावणी. तिथे केळी कोणी केळी म्हणून घेत नाही. कोणाच्या नावावर बोली सुटली याला महत्त्व. त्या वर्षी एका घडावर दोघे अडून बसले आणि घड एकशे एक्कावन्नला सुटला. एवढ्यात बाजारातली केळ्यांची गाडी आली असती. तो घेणारा काजूचा बागायतदार, फेणीची स्वतःची भट्टी असलेला माणूस, घड खांद्यावर टाकून असा चालला की जणू राज्य जिंकलं. अध्यक्षकाकांनी एकशे एकला भोपळा घेतला. एकूण एकोणीस घरांनी मिळून नऊशे चाळीस रुपये बोलले.

मी घरी येऊन वही उघडली आणि हिरव्या शाईत लिहिलं: जमा, नऊशे चाळीस.

आता जाणते लोक हसले असतील. आमच्याकडे पावणी बोलली की त्याच दिवशी पैसे द्यायचेच असतात असं नाही. पुढच्या वर्षीच्या पावणीआधी द्यायचे, हा रिवाज. कोणी बुडवत नाही, कोणी मागत नाही. मागणं म्हणजे त्या घराचा अपमान. हे गावातल्या पोरासोरांना ठाऊक होतं. मलाही ठाऊक होतं, गंमत म्हणजे. पण कानाने ठाऊक असणं आणि हाताने लिहिताना आठवणं यांत माझ्या डोक्यात तेव्हा बरंच अंतर होतं. त्या दिवशी खरोखर डब्यात पडले एकशे ऐंशी, आणि जुनी शिल्लक होती चाळीस.

मग मी म्हापशाला गेले. चारशेला एक अशी दोन कपाटं ठरवली आणि शंभर रुपये आगाऊ दिले. परत येताना कापडाच्या दुकानात मखमल दिसली. जांभळी. नाटकाच्या पडद्याची झालर फाटली होती, आणि वहीत तर पैसेच पैसे होते. नव्वद रुपये. बाकीचे रॉकेल, चहा, झाडलोट यात सुटले, त्यांचा मी अंदाजपत्रकात विचारच केला नव्हता. वाचनालयात उजेड आपोआप पडतो अशी माझी समजूत असावी.

कपाटं आली त्या संध्याकाळी निम्मं गाव अग्रशाळेसमोर होतं. मी चांगली साडी नेसले होते. ट्रकमधून दोन्ही उतरवली, हिरवीगार, उन्हात चमकणारी. ड्रायव्हर घाम पुसत म्हणाला, "बाय, सातशे."

मी रुबाबात डबा उघडला. बारा रुपये आणि थोडी मोड.

मी पुन्हा पाहिलं. डब्याखाली पाहिलं. मग वही उघडून ड्रायव्हरच्या नाकासमोर धरली. "हे बघा, शिल्लक सातशे बहात्तर. स्वच्छ लिहिलेलं आहे."

त्याने वही पाहिली, मला पाहिलं. "अक्षर बरां असा गो बाय. आता ह्या वहीचे सुटे काडून दी."

गाव हसलं ते अजून माझ्या कानात आहे. आणि कपाटं परत ट्रकात चढली. चढवायला सगळ्यात पुढे कोण, तर एकशे एक्कावन्नचा केळीवाला! खांदा लावून ओरडत होता, "अरे धर, धर, पाय सांबाळ! नवा कपाट असा, खरचटात!" त्याच्या मनात यत्किंचित पाप नव्हतं. तो पैसे देणारच होता. पुढच्या वर्षी.

 अध्यक्षकाका जाताना एवढंच म्हणाले, "मे महिन्याच्या सुरवातेक येतंय वह्यो न्हेवक."

शनिवारी माझे एक चुलत दीर गावी आले. ते डिचोलीला खाणीच्या ऑफिसात हिशेबनीस होते आणि दर शनिवारी येऊन वाचनालयातून एक रहस्यकथा न्यायचे, जी कधीच वेळेवर परत यायची नाही. बातमी त्यांना पोचली होती. माझी वही घेऊन ते ओट्यावर बसले आणि इतके हसले की सासूबाई आतून पाहायला आल्या.

"वैनी, हे नऊशे चाळीस खंय असत?"

"लोकांकडे."

"मगे तू जमा कित्याक लिवलंस?"

"बोलले ते. गावासमोर बोलले. खोटं बोलतील का?"

"खोटा कोण म्हणता?" त्यांनी चष्मा काढला. "आयक. आमच्या खाणीवरसून रोज ट्रक सुटतत. भरलेले, ताडपत्री मारलेले, माझ्या डोळ्यांदेखत. तरी मी माल पोचलो असा लिवतंय? नाय. बंदराच्या धक्क्यार वजन जाता, थंयची चिठी माझ्या हातात येता, तेव्हा लिवतंय. मदी ट्रक खड्ड्यात गेलो तर? पंक्चर जालो तर? ड्रायव्हर आपल्या सासुरवाडेक गेलो तर?" मग बोट वहीवर ठेवलं. "तुजे एकोणीस ट्रक सुटले असत, वैनी. चिठ्यो चारच आयल्यो."

मला खरं तर रडू येत होतं. पण मी रडण्याऐवजी तोंड सोडलं. "तुमची रहस्यकथा चार महिने झाले सुटली आहे, तिची चिठ्ठी कधी येणार?"

"ती बी लिवन ठेव," ते म्हणाले, "पण जमेत नको."

पुढचे चार रविवार ते मला शिकवत होते. त्यांची पद्धत साधी होती. वहीच्या एका पानावर बोललेले पैसे, आणि समोरच्या पानावर हातात पडलेले. दोन्ही पानांची बेरीज एकत्र करायची नाही, जीव गेला तरी. मग आणखी एक रकाना: हे पैसे कशासाठी दिले. कपाटासाठी दिलेल्या पैशाला मखमल आवडली तरी तो कपाटाकडेच जाणार. यासाठी त्यांनी मला बिस्किटांचे दोन डबे दिले, एकावर चिकटवलं "वह्या" आणि दुसऱ्यावर "रोजचा खर्च". मी म्हटलं, आणि तिसरा नाटकाचा? ते म्हणाले, "नाटकाचो डबो तुझ्या हातात देवचो नाय."

पण खरी शिकवण तिसऱ्या रविवारची. त्यांनी बारा महिन्यांचे बारा चौकोन आखले आणि विचारलं, गावाच्या हातात पैसा कधी येतो? मी म्हटलं, येत असेल वर्षभर. "तुका पगार येता म्हणान तुका तसा दिसता." मग आम्ही दोघं बसून भरलं. ट्रकवाल्यांना खाण चालू असेतो, म्हणजे पाऊस लागेपर्यंत. काजूवाल्यांना चैत्र-वैशाखात. नोकरदारांना महिन्याच्या पहिल्या आठवड्यात. आषाढ-श्रावणात कोणालाच नाही. आणि आमचा खर्च? रॉकेल बाराही महिने, पुस्तकांचा बांधणीवाला दिवाळीनंतर, वाळवीचं औषध पावसाच्या आधी आणि नंतर. दोन्ही रांगा एकाखाली एक आल्या तेव्हा मला पहिल्यांदा दिसलं की वर्षाअखेरीला पैसे पुरतील, पण मधल्या पाच महिन्यांत आपण भिकारी असू. तोवर मी वर्षाला एकच आकडा समजत होते.

आता प्रश्न उरला पावणीचा. मागायचं नाही हा रिवाज, आणि न मागता कपाट येणार नाही.

"मागा नको," दीर म्हणाले. "फकत इचार, कधी देतलात. तारीख लिवन घे. आमी ट्रकवाल्याक इचारतो तसा. तेत अपमान नाय."

चार घरांचे आले होते; उरलेल्या पंधरांतली चौदा घरं मी फिरले. पायरीवर उभी राहून आधीच सांगायची, "पैसे न्यायला आले नाही. चौकोन भरायला आले आहे." लोकांना तो आखलेला कागद भारी वाटला. एका ट्रकवाल्याच्या बायकोने नवऱ्याला बोलावून सांगितलं, "आमची रांग खंयची? हांगा वैशाख लिव गो, आणि त्यापरस आदी दितलो म्हणान लिव." काहींना समोरचा चौकोन रिकामा बघवला नाही, त्यांनी तिथल्या तिथे पैसे काढले. पंच्याऐंशी रुपये असे आले, न मागता.

केळीवाला मात्र ओट्यावरून उठला. "म्हणजे बाई, वाचनालयाक माझो भरवसो नाय?"

"भरवसा आहे म्हणून तर तारीख विचारते. नसता तर पैसे मागितले असते."

तो परत ओट्यावर टेकला. "पुढल्या पावणीच्या आदल्या दिसा. लिव."

"काजू वैशाखात विकतील ना तुमचे?"

"काजू माझे. तारीख बी माझी."

मी लिहिली.

पंधराव्या घरी मी गेले नाही. ते घर अध्यक्षकाकांचं होतं. त्यांच्याच वह्या, त्यांचंच वाचनालय, मी त्यांना भोपळ्याची तारीख कुठल्या तोंडाने विचारणार? दिरांनी तरी कागदावर त्यांची रांग घालायला लावली. "ट्रक कोणाचो ह्या चिठी इचारना नाय," म्हणाले.

तो कागद घेऊन मी म्हापशाला गेले. दुकानदार मला पाहून आधी गल्ल्याआड वाकला, हसू लपवायला असणार. मी कागद पुढे ठेवला. म्हटलं, "दोन नकोत. एकच. शंभर तुमच्याकडे आहेत. उरलेल्या तीनशेचे चौकोन हे." त्याने चौकोनांवरून बोट फिरवलं, केळीवाल्याच्या तारखेवर थांबला, पुढे गेला. "दीडशे आणून द्या, कपाट न्या. दीडशे पावसाआधी."

माझ्याकडे होते सत्त्याण्णव. ट्रकवाल्याचे पंचाहत्तर यायला दोन आठवडे होते, आणि मे महिना दारात उभा.

आता ते दुसरं कपाट. ते मी ठरवलं होतं नाटकाच्या मुकुटांसाठी आणि टोपांसाठी! त्रेसष्ट वह्यांना एकच पुरतं, हे मी सुतळीने मापून पाहिलं ते कपाटं परत गेल्यावर. आधी मापलं असतं तर निम्मी फजिती वाचली असती. पण मापायला उठावं लागतं, आणि लिहायला बसून राहता येतं.

अध्यक्षकाका ठरल्याप्रमाणे आले. बरोबर दोन स्वच्छ धोतरं होती, वह्या बांधायला. पेटी उघडून वरची वही त्यांनी हातात घेतली, वडलांच्या अक्षरातली. मी म्हटलं, "काका, बांधायच्या आधी एक कागद बघता?"

ते बांकावर बसले. मी सगळं दाखवलं: दुकानदाराची कबुली, सुतळीचं माप, कोणाचे पैसे कधी, वाळवीच्या औषधाला किती बाजूला. पुस्तकी मराठी त्या दिवशी कुठे गेली कोण जाणे, मी सरळ बोलत होते. शेवटी मी म्हणाले, "आज सत्त्याण्णव आहेत. दीडशे हवेत. बाकी सगळ्या तारखा आल्या. एका रांगेला तारीख नाही."

त्यांनी रांगा मोजत बोट खाली आणलं. स्वतःच्या रांगेवर ते थांबलं. 

"भोपळो गोड होतो," ते म्हणाले.

मी हसले नाही. त्या वयातली ती माझी एकमेव शहाणी गोष्ट असेल.

त्यांनी माझं पेन मागून घेतलं, रिकाम्या चौकोनात लिहिलं, "आज", आणि धोतरं काखेत मारून घरी गेले. पाऊण तासाने परत आले ते एकशे एक रुपये घेऊन. पैसे त्यांनी माझ्या हातात दिले नाहीत. "वह्यांचो डबो खंयचो?" विचारलं आणि आपल्या हाताने त्यात टाकले. मग पेटीजवळ जाऊन काढलेली वही पुन्हा जागेवर ठेवली.

कपाट दुसऱ्या दिवशी आलं. तोच ट्रक, तोच ड्रायव्हर. दीडशे मोजून घेताना म्हणाला, "आज वही दाखवची नाय, बाय?" उरलेले दीडशे पावसाआधी गेले, ट्रकवाल्याचे पंचाहत्तर धरून. मुकुट पत्र्याच्या ट्रंकेतच राहिले आणि त्यांना काही झालं नाही. आज त्या कपाटात शहात्तर वह्या आहेत, कारण वह्या गावात राहतात हे कळल्यावर दोन घरांनी आपल्याही आणून दिल्या.

केळीवाला पुढच्या पावणीच्या आदल्या दिवशी, बोलल्याप्रमाणे, दुपारी आला. एकशे एक्कावन्न, नव्या कोऱ्या नोटांत, फेणीचा वास येणारे. मी समोरच्या पानावर शाईने लिहून घेतले. तो ताठ मानेने म्हणाला, "बघलंस? तारीख म्हणजे तारीख."

दुसऱ्या दिवशी त्याने घडावर दोनशे एक बोली लावली आणि घड त्याच्यावरच सुटला. सगळं गाव माझ्याकडे पाहत होतं. मी वही उघडली, डावीकडच्या, बोललेल्या पैशांच्या पानावर त्याची रांग आखली आणि रक्कम लिहिली. पेन्सिलीने.